कर्त्याचा लोप आणि कर्त्याचा अभाव : मराठी वाक्यातील कर्तृत्वाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

घरातील तसबिरीची काच फुटते. ज्या माणसाचा त्या घटनेशी संबंध आहे तो तिच्याविषयी बोलताना पुढीलपैकी कोणतेही वाक्य उच्चारू शकतो : ‘मी काच फोडली’, ‘माझ्याकडून काच फोडली गेली’, ‘माझ्या हातून काच फुटली’, ‘माझ्यामुळे काच फुटली’, ‘काच फुटली’. घटना एकच आहे. पाचही वाक्ये तिच्यापुरती खरी असू शकतात. त्यांतील एकालाही सरळ असत्य म्हणता येणार नाही. तथापि ऐकणारा प्रत्येक वाक्यावरून निराळा निवाडा करतो. पहिल्या वाक्यानंतर तो ‘का फोडलीस?’ असे विचारील. तिसऱ्या वाक्यानंतर ‘लागले तर नाही ना?’ असे विचारील. पाचव्या वाक्यानंतर कदाचित काहीच विचारणार नाही.

वाक्यातील शब्दांची निवड आणि त्यांची रचना यांनी अर्थ घडतो, हे विधान सर्वमान्य आहे. पण ते इतके व्यापक आहे की त्यावरून हाती काही लागत नाही. मराठीपुरता हा प्रश्न एका मर्यादित क्षेत्रात तपासून पाहणे अधिक फलदायी ठरेल. ते क्षेत्र म्हणजे कर्तृत्वाचे. क्रिया कोणी केली, ती बुद्धिपुरस्सर केली की अभावितपणे घडली, आणि करणाऱ्याचे नाव वाक्यात यावे की नाही, या तिन्ही गोष्टी मराठीत धातूची निवड, विभक्तिप्रत्यय, प्रयोग व पदक्रम यांच्याद्वारे सांगितल्या जातात. या विवेचनात एक भेद विशेष महत्त्वाचा आहे. काही वाक्यांत कर्ता नसतो, कारण तो कल्पिलेलाच नसतो. काही वाक्यांत तो नसतो, कारण तो झाकलेला असतो. पहिल्या प्रकारास कर्त्याचा अभाव व दुसऱ्यास कर्त्याचा लोप म्हणता येईल. पाणिनीने लोपाचा अर्थ ‘अदर्शन’ असा दिला आहे. वर्णांच्या व प्रत्ययांच्या संदर्भात योजलेली ही संज्ञा येथेही उपयोगी पडते : लुप्त झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, ती केवळ दिसत नाही.

२. धातूंच्या जोड्या

मराठीत अकर्मक व सकर्मक धातूंच्या अनेक जोड्या आहेत : फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे, फाटणे–फाडणे, पडणे–पाडणे, मरणे–मारणे, जळणे–जाळणे, टळणे–टाळणे, गळणे–गाळणे. यांतील स्वरभेद व व्यंजनभेद यदृच्छेने आलेले नाहीत. ‘स्फुट्यते’ या संस्कृत रूपातील जोडाक्षरामुळे प्राकृतात ‘फुट्ट’ झाले आणि मराठीत टकार टिकला. ‘स्फोटयति’ या प्रयोजक रूपातील एकेरी टकाराचा मात्र डकार होऊन ‘फोड’ हा धातू आला. ‘त्रुट्यति’ व ‘त्रोटयति’ यांपासून ‘तुट’ व ‘तोड’ यांची व्युत्पत्ती अशाच रीतीने होते. आजचा मराठी भाषक ‘फुटली’ आणि ‘फोडली’ यांत निवड करतो तेव्हा तो नकळत एका फार जुन्या भेदाचा उपयोग करीत असतो.

हा भेद अर्थाच्या दृष्टीने किती पक्का आहे हे दोन क्रियाविशेषणांच्या साहाय्याने पडताळता येते. ‘काच आपोआप फुटली’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘काच मुद्दाम फुटली’ हे विसंगत आहे. उलटपक्षी ‘मुद्दाम काच फोडली’ निर्दोष व ‘आपोआप काच फोडली’ विसंगत. यावरून असे दिसते की ‘फुटणे’ या धातूच्या अर्थात कर्त्याला जागाच नाही. जे वाक्याचा कर्ता म्हणून उभे आहे, ते वस्तुतः क्रियेचे फळ भोगणारे आहे. संस्कृत वैयाकरणांनी कर्मकर्तरि रचनेचा विचार केला तो याच प्रसंगाने : कर्म असलेली वस्तूच कर्तृस्थानी बसवली जाते व खरा कर्ता विवक्षेतून वगळला जातो.

सर्वच धातू असे जोडीने येत नाहीत. मोडणे, उघडणे, सांडणे, हरवणे हे धातू दोन्हीकडे चालतात. ‘खुर्ची मोडली’, ‘दूध सांडले’, ‘दार उघडले’, ‘पेन हरवले’ ही वाक्ये अकर्मकही असू शकतात आणि कर्ता अध्याहृत असलेली सकर्मकही. ‘दूध सांडले’ असे मूल सांगते तेव्हा ते अकर्मक क्रियापद योजते. ‘कोणी सांडले?’ असे आई विचारते तेव्हा ती तेच क्रियापद सकर्मक करून परत करते. रूप तेच राहते. वाद असतो तो त्यात कर्ता आहे की नाही यासंबंधी. लोप आणि अभाव यांतील अंतर किती सूक्ष्म असू शकते, याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

३. कर्मणि प्रयोग आणि कर्त्याचे स्थान

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि पुढेही प्रयोगविचार हा मराठी व्याकरणातील एक वादाचा विषय राहिला आहे. ‘गोविंदाने काच फोडली’ या वाक्यात क्रियापद ‘काच’ या कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी एकवचनी होते, म्हणून तो कर्मणि प्रयोग. येथे एक गैरसमज संभवतो. इंग्रजी व्याकरणाशी परिचय असलेल्या अभ्यासकास कर्मणि प्रयोग म्हणजे इंग्रजीतील कर्मप्रधान रचनाच वाटते व अशा वाक्यात कर्त्याला गौणत्व आले आहे असा त्याचा समज होतो.

हा समज टिकत नाही. ‘घरी येऊन गोविंदाने काच फोडली’ या वाक्यात ‘येऊन’ या क्रियेचा कर्ता गोविंदच आहे, काच नव्हे. ‘गोविंदाने आपली काच फोडली’ येथे ‘आपली’ हे सर्वनाम गोविंदाकडेच वळते. ‘मुद्दाम’ हे क्रियाविशेषणही गोविंदाच्याच हेतूचा निर्देश करते. क्रियापदाचे लिंगवचन काचेच्या अधीन असले तरी वाक्यावरील स्वामित्व गोविंदाचे आहे. या रचनेचे मूळ संस्कृतातील भूतकालवाचक धातुसाधिताच्या कर्मणि रचनेत आहे हे खरे; परंतु मूळ कर्मणि असलेली रचना मराठीत आल्यावर कर्तृप्रधान झाली आहे. रूपाचा इतिहास आणि रूपाचा चालू अर्थ यांची गल्लत करता कामा नये.

मराठीच्या स्वभावाची साक्ष देणारा आणखी एक विशेष येथे नमूद करण्यासारखा आहे. द्वितीय पुरुषी कर्ता असता ‘तू काच फोडलीस’ असे रूप होते. ‘फोडली’ हा भाग कर्माला अनुसरतो, तर अंत्य ‘स’ कर्त्याला. व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे क्रियेचे कर्तृत्व सोपवताना भाषेला कर्माचा अनुबंध पुरेसा वाटत नाही. ती क्रियापदाच्या शेवटी कर्त्याची खूण उमटवते. ‘त्याने फोडली’ व ‘मी फोडली’ यांत अशी खूण नाही.

खरी कर्मप्रधान रचना जुन्या मराठीत ‘इजे’ प्रत्ययाने होत असे : कीजे, बोलिजे, म्हणिजे. ती रचना आता लुप्त झाली आहे, तरी तिचे दोन अवशेष रोजच्या बोलण्यात आहेत. ‘म्हणिजे’ याचे ‘म्हणजे’ हे अव्यय झाले आणि ‘पाहणे’ याच्या कर्मणि रूपापासून आलेले ‘पाहिजे’ हे इच्छा व आवश्यकता दाखवू लागले. ‘मला पुस्तक पाहिजे’ या वाक्यात मागणारा माणूस ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूस उभा राहतो आणि पुस्तक पुढे येते. आज जी कर्मप्रधान रचना योजली जाते ती मुख्यतः ‘जाणे’ आणि ‘-ण्यात येणे’ यांच्या साहाय्याने.

४. झाकलेला कर्ता

‘काच फोडली गेली’ या वाक्यात कर्त्याचा उल्लेख नाही; ‘काच फुटली’ या वाक्यातही नाही. परंतु ‘काच मुद्दाम फोडली गेली’ असे म्हणता येते आणि ‘काच आपोआप फोडली गेली’ असे म्हणता येत नाही. म्हणजे पहिल्या वाक्यात कर्ता अनुल्लेखित असला तरी त्याचा हेतू वाक्यात वावरत असतो. हा लोप होय. दुसऱ्या वाक्यात अभाव आहे. इंग्रजीतील एकाच कर्मप्रधान वाक्याचे भाषांतर प्रसंगानुसार ‘फुटली’, ‘फुटलेली होती’ किंवा ‘फोडली गेली’ असे तीन प्रकारे करावे लागते. या तिन्हींतून निवड करणारा भाषांतरकार केवळ शब्द निवडत नाही. कोणी जबाबदार होता की नव्हता याविषयीचे मतही तो नोंदवीत असतो.

‘-ण्यात येणे’ या रचनेचा स्वभाव याहून विशेष आहे. ‘पावसात भिंत पडली’ येथे पाऊस कारण आहे. ‘पावसात भिंत पाडण्यात आली’ असे म्हणताच पाऊस केवळ वेळ दाखवू लागतो आणि भिंत पाडणारी माणसे अदृश्यपणे उपस्थित होतात. ‘वाऱ्याने दार उघडले’ हे चालते, ‘वाऱ्याकडून दार उघडण्यात आले’ हे चालत नाही. ‘चुकून’ हे क्रियाविशेषणही या रचनेशी सहजी जुळत नाही. यावरून असा निष्कर्ष निघतो की ‘-ण्यात येणे’ या रचनेतील लुप्त कर्ता केवळ मनुष्य असून भागत नाही. तो योजनापूर्वक कृती करणारा आणि बहुधा अधिकार असलेला असावा लागतो. ‘रुग्णास दूध देण्यात आले’ हे रुग्णालयाच्या नोंदीत शोभते. ‘आईकडून पोळ्या लाटण्यात आल्या’ या वाक्याने हसू येते, कारण स्वयंपाकघराला कचेरीचे रूप येते. ज्या रचनेत कर्ता सर्वांत कमी दिसतो, तीच रचना कर्त्याच्या सत्तेची सर्वांत अधिक जाणीव करून देते.

५. ‘हातून’, ‘कडून’, ‘मुळे’

मराठीचे खरे वैशिष्ट्य मात्र या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्यांत आहे. ‘माझ्या हातून काच फुटली’ या वाक्यात धातू अकर्मक आहे, म्हणजे कर्त्याला जागा नाही. तरीही ‘माझ्या हातून’ हे पद जोडून वक्ता स्वतःला घटनेच्या शेजारी आणून उभा करतो. या वाक्यात ‘चुकून’ बसते, ‘मुद्दाम’ बसत नाही. संबंध मान्य आहे, हेतू अमान्य आहे. ‘माझ्याकडून फुटली’ याचा अर्थही बराचसा हाच. ‘माझ्यामुळे फुटली’ यात संबंध आणखी दुरावतो. वक्त्याचा हात काचेला लागला असलाच पाहिजे असे नाही, त्याने मोठ्याने हाक मारल्यामुळे दुसरा दचकला असेल व त्याच्या हातातून काच पडली असेल.

‘मी चूक केली’ आणि ‘माझ्या हातून चूक झाली’ यांतील फरक प्रत्येक मराठी भाषकास ठाऊक आहे. पहिल्यात कबुली आहे, दुसऱ्यात कबुलीबरोबर क्षमेची विनंतीही आहे. परंतु या रचनेला केवळ पळवाट समजणे अन्यायाचे होईल. ‘माझ्या हातून थोडी सेवा घडली’ असे एखादा वृद्ध कार्यकर्ता म्हणतो तेव्हा तो दोष टाळत नसतो, श्रेय टाळत असतो. ‘त्यांच्या हातून मोठे कार्य घडले’ असे दुसरा म्हणतो तेव्हाही माणूस निमित्तमात्र आहे हीच भूमिका व्यक्त होते. एकाच रचनेत संकोच आणि विनय दोन्ही राहतात. तिचा अर्थ वाक्याबाहेरच्या प्रसंगावरून ठरतो. तथापि दोन्ही ठिकाणी तिचे व्याकरणातील कार्य एकच आहे, ते म्हणजे हेतू आणि क्रिया यांची ताटातूट करणे.

हाच न्याय मनोविकारांच्या वर्णनालाही लागू पडतो. ‘मी रागावलो’ आणि ‘मला राग आला’ ही दोन्ही वाक्ये रूढ आहेत. दुसऱ्यात राग हा बाहेरून येणारा पाहुणा असून माणूस हे त्याचे मुक्कामाचे ठिकाण आहे. हसू येणे, रडू येणे, झोप येणे, आठवण येणे या सर्व रचनांत अनुभवणारा ‘ला’ प्रत्यय घेतो व कर्तृपद विकाराकडे जाते. आता न्यायालयातील एखाद्या जबानीची कल्पना करावी. ‘त्याने रागावून काठी मारली’ आणि ‘त्याला राग आला व त्याच्या हातून काठी बसली’. दोन्ही वाक्यांत माणूस, राग, काठी व आघात हे चारही घटक आहेत. पहिल्यात तिन्ही गोष्टी माणसाच्या अधीन आहेत. दुसऱ्यात राग आपण होऊन आला, काठी आपण होऊन बसली. माणूस दोहोंच्या मध्ये केवळ वाटेवर उभा होता. जबानी लिहून घेणाऱ्याने ‘काठी बसली’ याऐवजी ‘काठीने मारहाण केली’ असे लिहिले, तर त्याने साक्षीदाराच्या शब्दांना सोयीचे रूप दिले असे नव्हे. त्याने साक्ष बदलली. पुढे तीच जबानी उच्च न्यायालयासाठी इंग्रजीत जाते तेव्हा ‘हातून’ या पदाला तेथे नेमका प्रतिशब्द नसल्यामुळे ही मधली पायरी गळून पडण्याचा धोका पुन्हा उद्भवतो.

कायद्याच्या परिभाषेतही हा भेद दिसतो. ‘सदोष मनुष्यवध’ या संज्ञेतील ‘वध’ हे सकर्मक क्रियेचे नाम आहे, त्याला करणारा लागतो. निष्काळजीपणाच्या अपराधात ‘मृत्यूस कारण होणे’ असे म्हटले जाते. ‘मृत्यू’ हे अकर्मक क्रियेचे नाम असून आरोपी त्याच्याशी ‘कारण’ या शब्दाने जोडला जातो. पाच वाक्यांची जी पायरी घरातल्या काचेपासून दिसू लागली, तिच्याच दोन पायऱ्यांवर दोन निरनिराळ्या शिक्षा उभ्या आहेत.

‘ने’ हा प्रत्ययही येथे दुहेरी काम करतो. तो कर्त्यालाही लागतो आणि साधनालाही : ‘गोविंदाने दगडाने काच फोडली’. यातील गोविंद काढून टाकला की ‘दगडाने काच फोडली’ असे उरते व साधन कर्त्याच्या आसनावर बसते. ‘भरधाव मोटारीने दोघांना उडवले’ हे वृत्तपत्री वाक्य असेच सिद्ध होते. मोटार चालवणारा कोणी होता, हे वाचकाला तर्काने जाणावे लागते.

६. पदक्रम, अव्यये आणि सहायक क्रियापदे

मराठीत पदक्रम सैल आहे असे म्हटले जाते. तो सैल आहे, पण निरर्थक नाही. ‘गोविंदाने काच फोडली’ हे ‘गोविंदाने काय केले?’ याचे उत्तर होय. ‘काच गोविंदाने फोडली’ हे ‘काच कोणी फोडली?’ याचे. क्रियापदाच्या लगत पूर्वी येणाऱ्या पदावर वाक्याचा भर पडतो. दुसऱ्या क्रमात काच फोडली गेली हे गृहीत धरलेले असून केवळ नाव सांगायचे उरलेले असते. ‘च’ हे अव्यय हा भर अधिक निश्चित करते : ‘गोविंदानेच काच फोडली’ यात इतरांची सुटका आहे, ‘गोविंदाने काचच फोडली’ यात नुकसानीची मोठी मात्रा आहे, ‘गोविंदाने काच फोडलीच’ यात आधीपासूनची धास्ती खरी ठरल्याचा सूर आहे.

सहायक क्रियापदांनी वक्त्याचा अभिप्राय व्यक्त होतो. ‘फोडून टाकली’ म्हणजे काम निकालात काढले; ‘फोडून ठेवली’ म्हणजे निस्तरण्याचे काम दुसऱ्यावर आले; ‘फोडून बसला’ म्हणजे नको ते करून आता पस्तावतो आहे. यांतील शेवटची रचना व्याकरणदृष्ट्या लक्षणीय आहे. ‘बसणे’ हा धातू अकर्मक असल्यामुळे ‘गोविंदाने’ याच्या जागी ‘गोविंद’ अशी प्रथमा येते व संपूर्ण वाक्य कर्तरि प्रयोगात जाते. लक्ष काचेवरून उठून गोविंदाच्या अवस्थेकडे वळते.

कर्माच्या रूपातही अशीच विवक्षा असते. ‘त्यांनी मुलगी पाहिली’ आणि ‘त्यांनी मुलीला पाहिले’ यांत प्रत्ययाचा फरक आहे, पण पहिले वाक्य ऐकताच विवाहाची बोलणी डोळ्यांपुढे येतात. दुसऱ्यात रस्त्याने जाणारी एखादी विशिष्ट मुलगी दिसते. ‘ला’ प्रत्ययाने कर्माला व्यक्तित्व मिळते. तो नसला की व्यक्ती एका प्रकारात जमा होते. व्याकरणात पहिला कर्मणि व दुसरा भावे प्रयोग. हा भेद शिकवताना त्यामागे असलेली माणसाकडे पाहण्याची दृष्टी बहुधा सांगितली जात नाही.

७. शब्द, स्मृती आणि निवाडा

येथे एक शंका घेता येईल. ऐकणारा शहाणा असेल तर रचनेच्या आडून घटनेचे खरे स्वरूप त्याला कळणार नाही काय? या शंकेचा विचार मानसशास्त्रातील प्रयोगांच्या आधारे करता येतो. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीचा चित्रपट दाखवला. त्यांतील ५० जणांना मोटारींचा वेग विचारताना ‘चक्काचूर करीत आदळणे’ अशा आशयाचे क्रियापद योजले, ५० जणांना ‘धडकणे’ या आशयाचे, आणि उरलेल्यांना वेगाविषयी विचारलेच नाही. आठवड्याने सर्वांना एकच प्रश्न विचारण्यात आला : फुटलेली काच दिसली होती काय? चित्रपटात फुटलेली काच नव्हती. पहिल्या गटातील १६ जणांनी ती दिसल्याचे सांगितले, दुसऱ्यातील ७ जणांनी व तिसऱ्यातील ६ जणांनी. एका क्रियापदाने स्मृतीत काच फोडली, असे म्हणावे लागते.

वाक्यरचनेच्या परिणामाविषयी कॅटलिन फॉसी व लेरा बोरोडिटस्की यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले संशोधन अधिक जवळचे आहे. उपाहारगृहात मेणबत्तीमुळे लागलेल्या आगीचा वृत्तान्त काही वाचकांना कर्ता असलेल्या वाक्यांत, तर काहींना मेणबत्ती कलंडली अशा अकर्मक वाक्यांत वाचावयास दिला. पहिल्या वाचकांनी त्या स्त्रीला अधिक दोषी धरले व नुकसानभरपाईची रक्कमही अधिक ठरवली. हे प्रयोग इंग्रजीतील दोन टोकांच्या रचनांवर बेतलेले आहेत. मराठीत ‘हातून’, ‘कडून’ व ‘मुळे’ या मधल्या पायऱ्या असल्यामुळे मराठी वाचकांच्या निवाड्याची अशी पाहणी करणे हा पदव्युत्तर संशोधनाला योग्य असा विषय आहे.

प्रश्नाचे रूपही निर्विकार नसते. ‘काच कशी फुटली?’ या प्रश्नात अपघाताला वाव आहे. ‘काच कोणी फोडली?’ असे विचारताच अपराधी असल्याचे ठरून गेलेले असते. आता फक्त त्याचा शोध उरतो.

इतिहासलेखनात या विचाराला विशेष गांभीर्य येते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांचे प्राण गेले. त्यांतील पुष्कळ मुंबईत १९५५ व १९५६ साली पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. ‘गोळीबारात माणसे ठार झाली’, ‘पोलिसांनी माणसांना ठार केले’, ‘माणसे हुतात्मा झाली’ अशी तीन वाक्ये या घटनेविषयी लिहिता येतात. पहिल्यात गोळीबार ही पावसासारखी एक परिस्थिती आहे. दुसऱ्यात कर्ता आहे. तिसऱ्यात मरणारा माणूसच कर्ता झाला आहे : त्याचा मृत्यू ही त्याने दिलेली आहुती आहे. मुंबईतील फ्लोरा फाउंटनच्या परिसराला हुतात्मा चौक हे नाव मिळाले तेव्हा या तीन वाक्यांपैकी तिसरे वाक्य शहराच्या नकाशावर लिहिले गेले. संशोधकाने कोणतेही वाक्य निवडावे. परंतु निवड केली नाही असे त्याला म्हणता येणार नाही.

८. शासनव्यवहाराची मराठी

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय अस्तित्वात आले, आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. तेव्हापासून परिभाषेची चर्चा विपुल झाली. अमुक संज्ञा क्लिष्ट आहे की सुबोध, हा त्या चर्चेचा मुख्य विषय होता. वाक्यरचनेकडे मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक ‘प्रस्ताव’, ‘अनुज्ञप्ती’, ‘अधिसूचना’ हे शब्द नागरिक चार दिवसांत शिकतो. ‘निर्णय घेण्यात आला आहे’ या वाक्यातील निर्णय कोणी घेतला, हे मात्र त्याला कितीही शिकून कळत नाही.

या रचनेच्या बाजूने एक म्हणणे मांडता येते व ते ग्राह्य आहे. शासनाची कृती व्यक्तीची नसून पदाची असते; अधिकारी बदलला तरी आदेश टिकतो; म्हणून व्यक्तीचे नाव न घेणे हेच युक्त. परंतु पदाचे नाव घेण्यास कोणती हरकत असावी? भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६६ नुसार राज्य शासनाची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त करावी लागते, आणि म्हणूनच शासन निर्णयाच्या अखेरीस ‘महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्द येतात. संविधानाला निनावी आदेश मान्य नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यात प्रत्येक सेवेसाठी ‘पदनिर्देशित अधिकारी’ कल्पिला आहे. कायदा कर्त्याचे नाव मागतो व वाक्य ते झाकते, असा हा विरोध आहे.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट सरकारी व निमसरकारी निवेदनांत वारंवार आढळते. ‘निधी मंजूर करण्यात आला’, ‘पाणीपुरवठा सुरळीत करण्यात आला’, ‘तातडीने कारवाई करण्यात आली’ : येथे कर्त्याचा लोप आहे, कोणी तरी समर्थपणे काम करीत आहे ही जाणीव शिल्लक राहते. परंतु ‘कामास विलंब झाला’, ‘कागदपत्रे गहाळ झाली’, ‘नोंद राहून गेली’, ‘नागरिकांची गैरसोय होत आहे’ : येथे कर्त्याचा अभाव आहे; विलंब आपोआप झाला, कागद आपोआप गेले, गैरसोय ऋतूप्रमाणे आली. ‘विलंब करण्यात आला’ व ‘कागदपत्रे गहाळ करण्यात आली’ असे कोणी लिहीत नाही. श्रेयासाठी लोप आणि दोषासाठी अभाव अशी ही वाटणी आहे. ती प्रत्येक वेळी हेतुपुरस्सर केली जाते असे नव्हे. बहुतेक वेळा लेखनिक पूर्वीच्या नमुन्यावरून लिहितो. तथापि नमुन्यावरून लिहिलेल्या वाक्याचाही वाचकावर तोच परिणाम होतो.

९. उपसंहार

पतंजलीच्या महाभाष्यात शिजवण्याच्या क्रियेचा विचार करताना भांड्यालाही कर्तृत्व देता येते असे दाखवले आहे. कोणाला कर्ता म्हणावयाचे हे वस्तुस्थितीपेक्षा बोलणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून असते, हा संस्कृत व्याकरणपरंपरेतील एक खोल विचार आहे. पाणिनीने कर्त्याला ‘स्वतंत्र’ म्हटले. त्या क्रियेपुरते स्वातंत्र्य ज्याच्या ठिकाणी वक्ता पाहतो तो कर्ता. यावरून पुढचे पाऊल टाकता येते. विवक्षा वक्त्याची असल्यामुळे तिचे उत्तरदायित्वही वक्त्याचेच आहे. ‘काच फुटली’ असे म्हणणारा खोटे बोलत नाही, पण सर्व सांगतही नाही.

मराठी व्याकरणाच्या अध्यापनात प्रयोग ओळखणे ही एक परीक्षेची कसरत होऊन बसली आहे. क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, एवढे विद्यार्थी सांगू शकतो. जबानी, वृत्तान्त, बखर, शासन निर्णय किंवा भाषांतर वाचताना त्याने आणखी तीन प्रश्न विचारावेत. या वाक्यात कर्ता नसेल तर तो लुप्त आहे की मुळातच कल्पिलेला नाही? ‘मुद्दाम’ अथवा ‘आपोआप’ हे शब्द घालून पाहिले असता कोणता टिकतो? आणि धातूच्या जोडीतील दुसरा धातू योजला असता वाक्य कोणाला गैरसोयीचे झाले असते? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळणार नाही. ते शोधण्याची वाट मात्र व्याकरणातूनच जाते.